पाचांतली तीन मुलं कोण होती?

प्रश्न

बाई, सप्रेम नमस्कार.

आम्ही बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याच्या पश्चिमेकडच्या एका लहान गावात राहतो. माझी मुलगी गावातल्या सरकारी मराठी शाळेत तिसरीला आहे. पहिली ते पाचवी मिळून पट २१. शिक्षक दोन, बाई कायम आहेत, सर अतिथी शिक्षक. पहिली ते तिसरीची मुलं एकाच खोलीत खाली गोल करून बसतात आणि कार्डांवर शिकतात, ते नली-कली.

पाचवीनंतर आमची मुलं शेजारच्या मोठ्या गावच्या शाळेत जातात. यंदा तिथं सेतुबंधच्या, म्हणजे वर्षाच्या सुरुवातीला मागच्या वर्गाची उजळणी घेतात त्या, चाचणीत आमच्याकडून गेलेल्या ५ मुलांपैकी तिघांना मराठी उतारा वाचता आला नाही. ‘तुमच्या शाळेचा निकाल ४० टक्के’ असं पालकसभेत सगळ्यांसमोर ऐकावं लागलं. त्या तिघांतले दोघे वीटभट्टीवरच्या कुटुंबांतले, घरी लमाणी बोलणारे, चौथीत आलेले. तिसरी गवळीवाड्यावरची मुलगी. गेल्या ३ वर्षांत गावातल्या ६ घरांनी मुलं काढून व्हॅनने इंग्रजी शाळेत घातली. आता गवळीवाड्यावरची, भट्टीवरची आणि आमच्यासारख्या चार-पाच घरांतली पोरं एवढीच राहिलीत.

नवरा म्हणतो, मे महिन्यात दाखला काढू. तो मराठीतून चांगल्या मार्कांनी दहावी झाला आणि पीयूसीला, म्हणजे अकरावीला, सायन्स घेऊन पहिल्याच वर्षी अडकला. सासरे १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात होते. ते म्हणतात, नातीला मराठी शाळेतून काढलंत तर माझ्याशी बोलू नका. मुलगी शाळेत खूश आहे. पण तेवढं पुरेसं आहे का? मी काय करू?

– एक आई, खानापूर तालुका

उत्तर

ताई,

निकाल ४० टक्के लागला एवढंच लिहून तुम्ही थांबला नाहीत. नापास झालेली मुलं कोण होती, कुठून आली होती, हेही लिहिलंत. पालकसभेत आकडा सांगणाऱ्यांनी एवढी चौकशी केली असती तर तुमच्यावर मान खाली घालायची पाळी आली नसती. नोकरीची बरीच वर्षं मी खानापूर आणि बेळगाव तालुक्यांतल्या अशाच दोन शिक्षकी शाळांत काढली आहेत. अशा शाळांचे टक्के सभेत मोठ्याने वाचले जातात तेव्हा मला अजूनही राग येतो. म्हणून त्या आकड्यापासूनच सुरुवात करते.

पाच मुलांत एक मूल म्हणजे २० टक्के. चाचणीच्या दिवशी भट्टीवरचा एक मुलगा तापाने घरी राहिला असता तर चारांत दोन, म्हणजे निकाल ५०. दोघेही भावंडं सांभाळायला भट्टीवर थांबले असते तर तिघांत दोन, म्हणजे ६७. शाळा तीच, बाई त्याच, शिकवणं तेच. इतक्या लहान शाळेचा एका वर्षाचा टक्का काढण्यात काही अर्थच नसतो. निदान पाच-सहा वर्षांची मुलं एकत्र धरून बघावं लागतं, आणि तेव्हाही कुठलं मूल किती वर्षं त्या शाळेत बसलं हे शेजारी लिहावं लागतं.

मोठ्या संख्येचा टक्कासुद्धा कसा मोजला यावर हलतो. आपल्या कर्नाटकाचा दहावीचा निकाल २०२३ मध्ये ८३.८९ टक्के होता. २०२४ मध्ये तो ७३.४० वर आला, तोही कृपांक वाढवून दिल्यावर. त्या वर्षी परीक्षेच्या खोल्यांत कॅमेरे बसवून वेबकास्टिंग सुरू झालं होतं. एका वर्षात मुलं दहा टक्क्यांनी मठ्ठ झाली असं कुणी म्हणेल का? व्हॅनवाल्या शाळेच्या फलकावर ‘१०० टक्के निकाल’ दिसला, तर दहावीला किती मुलं बसली आणि नववीतून किती जणांना दाखला देऊन वाटेला लावलं, हेही विचारून घ्या.

आता त्या तीन मुलांकडे या. भट्टीचा हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होतो आणि पावसाच्या तोंडावर संपतो. मूल वर्षाच्या मधेच येतं आणि परीक्षा होते न होते तोच जातं. घरी लमाणी, बाजारात कन्नड, आणि मराठी अक्षराशी पहिली गाठ चौथीत. त्याच्यापुढे दीड वर्षाने मराठी उतारा ठेवला आणि तो अडखळला. तो आला तेव्हा त्याला ‘क’ ओळखता येत होता का आणि गेला तेव्हा शब्द लावता येत होते का, हे कुणी विचारलंच नाही. शून्यापासून शब्दापर्यंत आणलं असेल तर ते त्या बाईंचं मोठं काम आहे, पण सेतुबंधच्या कागदावर त्याला रकाना नाही. गवळीवाड्यावरच्या मुलीचं कारण वेगळं. कणकुंबी-जांबोटीकडचा पाऊस तुम्हाला मी सांगायला नको. नाले भरले की वाड्यावरची मुलं दिवसच्या दिवस शाळेत येत नाहीत, आणि नव्या वर्षाचं पहिलं शिक्षण नेमकं त्याच महिन्यांत होतं.

राहिलेली दोन मुलं पहिलीपासून तिथंच होती, असं मी तुमच्या पत्रावरून धरते. बाईंना विचारून खात्री करून घ्या. दोघांनाही उतारा वाचता आला. दोनच मुलांवरून शाळा उत्तम आहे असं मी म्हणणार नाही, तो हिशेबही तितकाच कच्चा. पण तुमची मुलगी पहिलीपासून तिथं आहे, घर शाळेजवळ आहे आणि आई पत्र लिहून विचारणारी आहे. तुलना करायचीच झाली तर ती या दोघांशी होईल.

गवळीवाड्यावरची आणि भट्टीवरची पोरंच राहिलीत, या तुमच्या ओळीपाशी मी थांबले. तुमच्या मनात त्या मुलांविषयी तिरस्कार नाही, हे पत्रातून कळतं. भीती आहे. आपली मुलगी ‘तसल्या’ शाळेत मागे पडेल, आणि गावात आपलीही गणती त्यांच्यात होईल. ही दुसरी भीती कुणी बोलून दाखवत नाही, पण माझ्या अनुभवात दाखला काढण्यामागे बऱ्याचदा तीच असते. म्हणून स्पष्ट लिहिते. गवळ्याच्या किंवा लमाण्याच्या मुलाशेजारी बसल्याने कुणाचं वाचन बिघडत नाही. उलट तुमची मुलगी खेळता खेळता त्या भट्टीवरच्या पोरांकडून कन्नड उचलत असेल, घरी एकदा तिला कन्नड बोलायला लावून बघा. बिघडतं ते बाईंच्या वेळेमुळे. उशिरा आलेल्या चार मुलांना अक्षर ओळख करून देण्यात सकाळ जात असेल आणि तिसरीतली हुशार मुलगी नुसती बसून राहत असेल, तर तुमची काळजी खरी आहे. तसं होतं का, हे शाळेत जाऊन बघता येतं. ते कसं बघायचं ते पुढे लिहिते.

आधी ती ६ घरं. कोणती घरं गेली? ज्यांना व्हॅनचं भाडं आणि फी झेपते ती. मुलांच्या वह्या रात्री बघणारे, सभेत उठून प्रश्न विचारणारे पालकही त्यांच्याबरोबर गेले. तुमच्या शाळेत एक धडाही वाईट शिकवला गेला नाही तरी तिचा टक्का घसरला, आणि तिकडच्या शाळेत एक धडाही चांगला शिकवला गेला नाही तरी तिचा वाढला. शाळेच्या निकालात शिकवण्याचा भाग किती आणि शाळेत येणाऱ्या घरांचा किती, हे वेगळं केल्याशिवाय दोन शाळांची तुलना करू नये. खाजगी शाळेत प्रवेशाच्या वेळी आई-बापांची मुलाखत घेतात ती उगाच नाही.

नली-कलीबद्दल तुमच्या मनात शंका दिसते, कारण शाळा म्हटली की बाक, फळा आणि पुस्तक हे चित्र आपल्या डोळ्यांसमोर येतं. ही पद्धत आपल्याच राज्यात सरकारी शिक्षकांनी उभी केली. १९९५ च्या सुमारास म्हैसूर जिल्ह्यातल्या एच. डी. कोटे तालुक्यात ती सुरू झाली. आंध्रातल्या ऋषी व्हॅलीच्या खेड्यांतल्या शाळा बघून आलेल्या शिक्षकांनी युनिसेफच्या मदतीने तिची कार्डं आणि शिक्षणाची शिडी तयार केली, आणि पुढे ती राज्यभरच्या सरकारी शाळांत आली. एच. डी. कोटे हा जंगलाच्या कडेचा तालुका, तिथल्या शाळाही लहान, मुलंही मधेच गैरहजर राहणारी. नेहमीच्या वर्गात दोन महिने बुडवलेलं मूल आलं की वर्ग पुढे गेलेला असतो आणि ते कायमचं मागे राहतं. इथं ते आपल्या शिडीच्या ज्या पायरीवर होतं तिथूनच पुढे सुरू करतं. तुमच्या गावासारख्या गावासाठीच ही पद्धत निघाली आहे. पण नीट राबवली तरच. कार्डं फाटलेली, क्रम विसरलेला, बाई तक्ते भरण्यात बुडालेल्या, असे वर्गही मी बघितले आहेत. अशा खोलीत मूल तीन वर्षं नुसतं गोल बसून उठतं.

म्हणून एक सकाळ शाळेत जा. आदल्या दिवशी बाईंना सांगून जा, तपासणीला आल्यासारखं करू नका. त्यांनाही सभेतला तो शब्द लागला असेल. गेल्यावर भिंतीवरचा प्रगतीचा तक्ता बघा. शेवटची खूण कधीची आहे? खालच्या फळ्यावर मुलीचा स्वतःचा चौकोन आहे का, आणि त्यात आजचं काही लिहिलेलं आहे का? कुठल्याही एका मुलाकडे बोट दाखवून ‘हा कुठल्या पायरीवर आहे?’ असं सहज विचारा. चांगल्या नली-कलीच्या बाई तक्त्याकडे न बघता सांगतात. आणि तुमच्या मुलीवर अर्धा तास लक्ष ठेवा. ती पुढे आहे असं दिसतं, आणि पुढे असलेल्या मुलांना लहानांना शिकवायला बसवतात. थोडा वेळ ते चांगलंच, दुसऱ्याला सांगताना स्वतःचं पक्कं होतं. पण सकाळभर ती मदतनीसच असेल आणि नवं कार्ड हातात पडत नसेल, तर बाईंशी तेवढंच बोला. बहुतेक बाई ऐकतात.

घरी एक चाचणी स्वतः घ्या. ‘असर’च्या पाहणीत खेडोपाडी घरी जाऊन मुलांची अशीच चाचणी घेतात. दुसरीच्या पुस्तकातला, तिने न वाचलेला आठ-दहा ओळींचा उतारा द्या आणि मोठ्याने वाचायला सांगा. अडखळत एकेक शब्द वाचते की ओळ ओळीसारखी वाचते? वाचून झाल्यावर काय झालं ते तिच्या शब्दांत विचारा. मग हातच्याची दोन अंकी वजाबाकी द्या, ५२ वजा २७ अशी. तिसरीच्या शेवटी हे दोन्ही आलं पाहिजे. आलं तर शाळेने आपलं काम केलं आहे. नाही आलं, तर कुठली मुलं सोबत बसतात याचा त्याच्याशी संबंध नाही, लगेच बाईंकडे जा. जमलं तर व्हॅनने जाणाऱ्या तिच्या वयाच्या एखाद्या मैत्रिणीलाही खेळता खेळता हेच द्या. तिच्या शाळेतला इंग्रजी उतारा ती वाचेल. मग त्यात काय झालं ते सांग म्हणा, मराठीत सांगितलं तरी चालेल. किती सांगते ते ऐका. मी ऐकलेलं इथं लिहून तुमचं मत आधीच बनवत नाही.

माझी खरी काळजी तिसरीची नाही, चौथी-पाचवीची आहे. नली-कली तिसरीला संपते. पुढे पाठ्यपुस्तकं सुरू होतात, भागाकार येतो, परिसराचा अभ्यास जड होतो, आणि तेव्हा तिच्यापुढे कोण उभं राहणार हा प्रश्न आहे. अतिथी शिक्षकाची नेमणूक वर्षावर्षाची असते. शाळा सुरू झाल्यावर काही आठवडे बाईच पाचही वर्ग सांभाळतात असं होत असेल तर ते मोठं नुकसान आहे. शिक्षण हक्क कायद्याने प्राथमिक शाळेला ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक मिळायला हवेत. तुमची मागणी हीच असू द्या: जूनच्या पहिल्या आठवड्यात दुसरा शिक्षक हजर पाहिजे. एसडीएमसीत, म्हणजे शाळेच्या व्यवस्थापन समितीत, तीन चतुर्थांश जागा पालकांच्या असतात आणि निम्म्या जागा बायकांना द्यायच्या असतात. तुमच्या गावात त्या कागदावर कुणाची नावं आहेत ते बघा. सहा घरं गेल्यावर तिथं जागा नक्की रिकामी असेल. ठराव करा, सही-शिक्क्यासह बीईओ (गटशिक्षणाधिकारी) ऑफिसला द्या, पोच घ्या. तोंडी विनंतीला खानापुरात कुणी विचारत नाही.

आता तुमच्या यजमानांबद्दल. त्यांना मी चुकीचं म्हणणार नाही. मराठीतून दहावी झालेला हुशार मुलगा पीयूसीच्या वर्गात बसतो, फिजिक्सचे सर इंग्रजीत बोलत सुटतात, आणि ज्याला कालपर्यंत सगळं समजत होतं त्याला आज एक वाक्य कळत नाही. ती मानहानी माणूस विसरत नाही. आपल्या मुलीवर ती येऊ नये असं त्यांना वाटतं, यात प्रेमच आहे. पण ती दरी दहावी आणि पीयूसीच्या मधे आहे आणि ती आठवी ते दहावीत भरून काढायची असते: विज्ञान-गणिताचे शब्द दोन्ही भाषांत लिहून, इंग्रजी रोज वाचून. तिसरीतल्या मुलीला घरात कुणी बोलत नाही त्या भाषेत बेरीज शिकवून ती भरत नाही. इंग्रजी तिला आत्ताही शाळेत आहेच. त्याला घरून रोज अर्धा तास जोडा, आणि ते काम यजमानांनीच करावं. कुठे अडतं हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत आहे? आणि मराठी पक्कं ठेवण्याचा एक रोकडा फायदा सांगते. दहावीच्या ६२५ गुणांपैकी १२५ गुण पहिल्या भाषेचे असतात.

सासऱ्यांना माझा नमस्कार सांगा. १९८६ मध्ये रस्त्यावर उतरलेल्या माणसांमुळे सीमाभागातल्या कितीतरी मराठी शाळा आजही उघड्या आहेत. राज्यघटनेच्या ३५० अ कलमाने भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्याची सोय करायला राज्यांना सांगितलं आहे. ती सोय गावात आहे ही मोठी गोष्ट. पण माध्यम निवडायचा हक्क पालकांचा आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये कर्नाटकाच्याच खटल्यात सांगितलं. आठ वर्षांच्या नातीच्या खांद्यावर सीमाप्रश्न ठेवू नका, एवढं त्यांना माझ्या वतीने म्हणा. त्यांना शाळा टिकवायचीच असेल तर त्यांच्यासारख्या माणसाच्या हाताला तिथं भरपूर काम आहे. आठवड्यातून दोन दुपारी भट्टीवरच्या मुलांना जवळ घेऊन मराठी गोष्ट वाचून दाखवावी. पुढच्या सेतुबंधला त्याचा उपयोग होईल, आणि बाईंना तुमच्या मुलीकडे बघायला वेळ मिळेल.

कन्नडची भीती मात्र घरात कुणी घालू नये. २०१५ च्या कायद्यानंतर २०१७-१८ पासून कन्नड टप्प्याटप्प्याने सगळ्याच शाळांत सक्तीची झाली, म्हणजे व्हॅनच्या शाळेत गेली तरी ती शिकावीच लागणार. तुमच्या मुलीला सोबती आयते मिळाले आहेत.

मग निर्णय. शाळेतली सकाळ आणि घरची चाचणी या दोन्हींत ठीक दिसलं, तर मे महिन्यात दाखला काढू नका. चौथीला तिथंच ठेवा. जूनअखेरपर्यंत दुसरा शिक्षक आला नाही, किंवा बाईंची बदली होऊन त्यांच्या जागी कुणी आलं नाही, तर मन घट्ट करून बाहेर पडा. शाळा वाचवायला आपली मुलगी पणाला लावा असं मी कुठल्याही आईला सांगणार नाही. पण तेव्हाही आधी शेजारच्या मोठ्या गावची मराठी शाळा बघा. पाचवीनंतर ती तिथंच जाणार आहे, दोन वर्षं आधी गेली एवढंच. व्हॅनची शाळा त्यानंतर. तिथं गेलात तर फीच्या जोडीला रोज सकाळ-संध्याकाळ प्रवासात जाणारा वेळ, घरी शिकवणी कोण घेणार आणि पावसात व्हॅन किती दिवस येत नाही, हे त्या ६ घरांपैकी एखाद्या आईला विचारून घ्या. ती खरं सांगेल.

यजमानांना शाळेत बरोबर न्या. त्यांनी बाहेर मोटारसायकलवर बसून राहू नये, आत येऊन मुलीशेजारी खाली बसावं. जूनमध्ये दुसऱ्या सरांची नेमणूक झाली की नाही ते मला कळवा. झाली नसेल तर ठरावाची प्रत पाठवा, अर्ज कुणाकडे आणि कसा न्यायचा ते मी लिहून देईन.

तुमची
बाई